फी घेण्याआधी तास लिहून द्या

प्रति,
पुणे व पिंपरी-चिंचवडमधील ब्युटी, मेकअप आणि स्पा अकॅडमींचे संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडला पार्लर चालवते. तुम्ही मला ओळखण्याचं काही कारण नाही, पण तुमच्या विद्यार्थिनींना मी चांगली ओळखते. कोर्स संपला की फाइल काखेत घेऊन त्या नोकरीसाठी माझ्यासारखीच्याच दारात येतात. तुम्ही वर्गात काय शिकवलंत आणि काय नुसतंच माहितीपत्रकात छापलंत, हे आम्हाला अर्ध्या तासात कळतं. त्या मुलीला मात्र तोवर कळलेलं नसतं, आणि फी तर कधीच भरून झालेली असते.

दहावी-बारावीचे निकाल लागले की सिंहगड रोडपासून निगडीपर्यंत तुमचे फ्लेक्स लागतात. त्याच सुमारास मुलींना सल्ले द्यायलाही सगळे पुढे येतात: नीट चौकशी करा, चांगला क्लास निवडा, फसू नका. सल्ला बरोबरच आहे. पण त्या बिचारीने चौकशी करायची म्हणजे नेमकं काय? ती आईला घेऊन तुमच्या ऑफिसात येते. काउन्सेलर मॅडम ब्रायडल मेकअपचा अल्बम दाखवतात, भिंतीवरच्या ट्रॉफ्या दाखवतात, ‘आज ॲडमिशन घेतलं तर डिस्काउंट, उद्या सांगता येणार नाही’ असं म्हणतात. आईने धीर करून विचारलंच की कोर्समध्ये काय काय असतं, तर उत्तर मिळतं, ‘बेसिक टू ॲडव्हान्स सगळं कव्हर होतं.’ एवढ्यावर कोणी काय निवडणार? खरी माहिती तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र मी मुलींना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मागणी एकच आहे. फी घेण्याआधी प्रत्येक मुलीच्या हातात तुमच्या सही-शिक्क्याचं एक पान द्या. त्यावर लिहा की कोर्स एकूण किती तासांचा आहे, त्यातले किती तास ती स्वतः खऱ्या माणसावर काम करणार, बॅचमध्ये किती मुली आणि बेड किती, शिकवणारी कोण, परीक्षा कोण घेणार, सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं, आणि मध्येच सोडावं लागलं तर किती पैसे परत. बाकी फ्लेक्सवर काय छापायचं ते छापा.

हे का मागते आहे ते सांगते. मुलाखतीला आलेल्या मुलीला मी फारसे प्रश्न विचारत नाही, माझा हात पुढे करते आणि म्हणते, कर वॅक्स. गेल्या हंगामात एक मुलगी आली होती. तिच्याकडे तीन सर्टिफिकेटं, त्यातलं एक ‘इंटरनॅशनल’, आणि मोबाइलमध्ये नवऱ्यामुलींचे फोटो, खरोखर देखणे. मेकअपचा हात चांगला होता. तिने वॅक्स मनगटावर लावून न बघता थेट माझ्या हाताला लावलं. लावलं केसांच्या वाढीच्या दिशेने, तिथवर ठीक. पण स्ट्रिप दाबून झाल्यावर दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरली नाही आणि पट्टी त्वचेला समांतर मागे न ओढता सरळ वर उचकटली. त्याने केस मध्येच तुटतात, आणि नाजूक त्वचा असेल तर काळंनिळं होतं. मी विचारलं, ‘क्लासमध्ये वॅक्स किती जणींवर केलंस?’ ती म्हणाली, ‘मॅडमनी डेमो दाखवला होता. मग आम्ही एकमेकींवर एकदा केलं.’ एकदा! तिचा मला राग आला नाही. शिकवलेलं सगळं तिने मन लावून शिकलं होतं, शिकवलंच तेवढं होतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारते, आणि इथे बहुतेक जणी अडखळतात. समोर बसलेली बाई अप्पर लिप करायला आली आहे, तिला तू आधी काय विचारशील? ‘थ्रेडिंग की वॅक्स’ हे उत्तर येतं. मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडून काही गोळ्या किंवा रात्री लावायचं क्रीम चालू आहे का, हे कोणीच विचारत नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना वॅक्स केलं तर केसाबरोबर त्वचेचा वरचा पापुद्राही निघून येऊ शकतो, आणि गोळ्या थांबवल्यावरही साधारण सहा महिने थांबायचं असतं. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन असलेलं क्रीम चालू असतानाही तसाच पापुद्रा निघू शकतो. आज कॉलेजातली प्रत्येक तिसरी-चौथी पोरगी मुरुमांवर काहीतरी लावत असते असं मला पार्लरमध्ये बसून वाटतं. म्हणजे हा प्रश्न रोज विचारायचा आहे. तो शिकवायला मशीन लागत नाही, उत्पादन लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

आता तासांचा हिशोब करू. तुमच्या माहितीपत्रकांत ‘तीन महिन्यांचा डिप्लोमा’ असं असतं. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला दोन तास, तेरा आठवडे: झाले ७८ तास. त्यात गणपतीची सुट्टी, मॅडम लग्नाच्या ऑर्डरला गेल्या म्हणून बुडालेला दिवस, आणि किटमधल्या वस्तूंची ओळख यात किती जातात ते तुम्हालाच ठाऊक. उरलेल्यातही वीस मुली दोन बेडभोवती उभ्या राहतात आणि मॅडम करतात ते मोबाइलवर शूट करतात. ‘हात बसणे’ ज्याला आपण म्हणतो, त्यासाठी एकेकीच्या वाट्याला काय उरलं? हे शिक्षण म्हणायचं की सिनेमा बघणं?

याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवून बघा. आपल्या सरकारी आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजीचा, म्हणजे केस आणि त्वचेच्या सौंदर्योपचारांचा ट्रेड दहावी पास मुलांसाठी आहे, एक वर्षाचा आहे आणि पूर्ण वेळेचा आहे. सिडेस्को ही १९४६ साली सुरू झालेली, झुरिचला मुख्यालय असलेली संस्था, जिचं नाव तुमच्यातले बरेच जण कौतुकाने घेतात, ती ब्युटी आणि स्पा थेरपीच्या डिप्लोमासाठी १२०० तासांचं प्रशिक्षण मागते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात परवान्याशिवाय हे काम करताच येत नाही. तिथे कॉस्मेटॉलॉजीसाठी १६०० तास लागायचे, ते फार होतात अशी ओरड झाली म्हणून २०२२ पासून कमी केले. कमी करून किती, तर १०००. आपल्याकडे असा परवाना नाही, कोणीही उद्या सकाळी पाटी लावू शकतं. परवाना नसल्यामुळे मुलीच्या हातातल्या सर्टिफिकेटवर सगळा भार येतो, आणि ते सर्टिफिकेट तुम्ही देता.

आणि तास मोजण्याची ही गोष्ट काही परदेशातून आलेली नाही. आपल्याकडे नाभिक घरातला मुलगा वर्षानुवर्षं वडिलांच्या दुकानात बसायचा. आधी केस झाडायचे, मग पाणी, मग साबणाचा फेस, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावायला कधी मिळायचा ते वडील ठरवायचे. त्याला सर्टिफिकेट कोणी दिलं नाही, पण तो उभा राहिला की गिऱ्हाईक डोळे मिटून मान मागे टाकायचं.

सर्टिफिकेटचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ ही ओळ मी पुण्यात इतक्या पाट्यांवर वाचली आहे की एकदा उत्सुकतेने एकीची मान्यता बघायला मागितली. दाखवलं काय, तर उद्यम नोंदणी. उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योगाची नोंद. ती ऑनलाइन होते, फुकट होते, स्वतःच माहिती भरून होते. माझ्या पार्लरची आहे, गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचीही असेल. तुमचा अभ्यासक्रम सरकारने तपासला असा तिचा अर्थ होत नाही. शॉप ॲक्टचा कागद तर दुकान चालू असल्याचं सांगतो, एवढंच. आयएसओ ९००१ हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचं मानक आहे, त्यात आयब्रो कशी काढायची हे कोणी बघत नाही. हे तीन कागद फ्रेम करून रिसेप्शनला लावायला हरकत नाही, पण त्यांच्या जोरावर ‘सरकारमान्य डिप्लोमा’ म्हणणं ही दिशाभूल आहे, आणि ती तुम्ही जाणूनबुजून करता. नरम शब्द शोधला, सापडला नाही.

खरी मान्यता कुठे बघायची तेही सांगते, म्हणजे ‘सगळं गोंधळाचंच आहे’ असं म्हणायची सोय राहू नये. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीटीचं असतं. अल्पमुदतीच्या कोर्ससाठी ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल आहे. असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, ब्युटी थेरपिस्ट, हेअर स्टायलिस्ट, स्पा थेरपिस्ट अशी एकेक कामं तिने ठरवून दिली आहेत, प्रत्येकाची पातळी ठरली आहे, आणि परीक्षा घ्यायला बाहेरचा माणूस येतो. या सगळ्यावर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीव्हीईटी ही नियामक संस्था आहे. मान्य अभ्यासक्रमांची राष्ट्रीय नोंदवही ऑनलाइन उघडी आहे, त्यात प्रत्येक अभ्यासक्रमाला एक क्रमांक असतो. तुमचा कोर्स त्यात असेल तर तो क्रमांक त्या पानावर लिहा. नसेल तर ‘हे आमच्या अकॅडमीचं स्वतःचं प्रमाणपत्र आहे’ असं लिहा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुण्यातल्या दोन-तीन जुन्या पार्लरवाल्या अशा आहेत की त्यांच्या हाताखाली वर्षभर राहिलेल्या मुलीला मी कागद न बघता घेईन.

परदेशी सर्टिफिकेटांचंही असंच. सिडेस्को, सिबटॅक, आयटेक ही परीक्षा घेणाऱ्या परदेशी संस्थांची नावं खरी आहेत, दुबईच्या हॉटेलात किंवा क्रूझवर काम करायचं असेल तर ती उपयोगी पडतात. पण ती परीक्षा त्या संस्थेने घ्यायची असते आणि तुमचं केंद्र तिच्या यादीत असावं लागतं. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द सोनेरी शाईत छापला, खाली पृथ्वीचा गोल काढला की झालं असं नसतं. आणि ‘डिग्री’ हा शब्द तर जपून. १९५६ च्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि तसा अधिकार दिलेल्या संस्थांना आहे, टिळक रोडवरच्या दुसऱ्या मजल्याला नाही.

तासांबद्दल मी एवढी का भांडते, याचं कारण नोकरीच्या पलीकडचं आहे. आपण लोकांच्या त्वचेला, केसांना, मानेला हात लावतो. थ्रेडिंगचा दोरा दातात धरून आयब्रो करणारी मुलगी मी आजही बघते, आणि ती सांगते की क्लासमध्ये मॅडमही तसाच धरायच्या. एकीच्या तोंडातला दोरा दुसरीच्या डोळ्यापाशी. दोरा मानेला अडकवून करता येतं, ते शिकायला एक आठवडा जास्त लागतो. वॅक्सच्या डब्यात तीच नाइफ पुन्हा पुन्हा बुडवायची नसते. हेअर कलरची पॅच टेस्ट कानामागे किंवा कोपराच्या आत ४८ तास आधी करायची असते. पाकिटावर ते बारीक अक्षरात छापलेलंही असतं, आणि ‘काळी मेहंदी’ म्हणून जे विकलं जातं त्यात पीपीडी हे हेअर कलरमधलंच रसायन असतं म्हणून तिलाही ते लागू आहे. शाम्पूच्या बेसिनवर वयस्क बाईची मान फार मागे टाकू नये, मध्ये टॉवेलची गुंडाळी द्यावी. १९९३ साली अमेरिकेतल्या एका न्यूरॉलॉजिस्टने मान अशी मागे ताणल्यावर पक्षाघाताचे झटके आलेल्या बायकांची नोंद केली, तेव्हापासून डॉक्टरी भाषेत त्याला पार्लरचंच नाव पडलं आहे. तुमच्या किती वर्गांत हे सांगतात?

केरॅटिन आणि स्मूदनिंगचे, म्हणजे क्रीम लावून केस सरळ-मऊ करण्याचे एका दिवसाचे ‘मास्टरक्लास’ सध्या जोरात आहेत. पूर्वी या क्रीममध्ये फॉर्माल्डिहाइड असायचं, नाकाडोळ्यातून पाणी यायचं, आरडाओरडा झाला. मग ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ डबे आले, आणि त्यातल्या बऱ्याच डब्यांत ग्लायऑक्सिलिक ॲसिड आलं. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत छापली. तीन वेगवेगळ्या वेळी केस सरळ करून घेतल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, आणि त्या क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. मी स्वतः त्यानंतर डब्याच्या मागची यादी वाचल्याशिवाय माल घेत नाही. तुमच्या मास्टरक्लासला कंपनीचा माणूस येऊन शिकवतो. तो डब्याची पुढची बाजू दाखवतो, मागची कोणी दाखवायची?

अजून एक गोष्ट पुस्तकांबद्दल. त्वचेचे प्रकार शिकवताना तुमच्याकडे बहुधा फिट्झपॅट्रिकचं कोष्टक असतं. १९७५ साली ते निघालं तेव्हा गोऱ्या त्वचेपुरतंच होतं, सावळ्या-काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले. आपल्या गिऱ्हाइकांची त्वचा बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारातली. ती भाजली किंवा जास्त घासली गेली की लाल डाग पडून जात नाही, काळा डाग राहतो, महिनोन्महिने राहतो. म्हणून परदेशी व्हिडिओत बघितलेला पील (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं) इथे जसाच्या तसा चालत नाही. हे शिकवलं नाही तर मुलगी पहिल्याच महिन्यात कोणाचा तरी चेहरा बिघडवते, आणि शिव्या ती खाते, तुम्ही नाही.

याच्याही पुढे जाऊन काहींनी मायक्रोनीडलिंग, लेझर, फिलर, बोटॉक्सचे वर्ग काढले आहेत, बारावी झालेल्या मुलींसाठी. हे तर सरळ बंद करा. सुई त्वचेत घालणं हे डॉक्टरचं काम. डॉक्टरांनासुद्धा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावलं होतं की वर्कशॉप बघून किंवा यूट्यूब बघून मिळालेलं शिक्षण अशा प्रक्रिया सुरू करायला पुरेसं नाही. जे एमबीबीएस झालेल्याला पुरत नाही ते आपल्या पोरींना दोन दिवसांत कसं पुरेल?

आता ज्यांच्या पाटीवर ‘होलिस्टिक’ लिहिलेलं आहे त्यांच्याशी थोडं. बाणेर, कोरेगाव पार्क भागात शनिवार-रविवारमध्ये ॲरोमाथेरपी (सुगंधी तेलांचा मसाज), रिफ्लेक्सॉलॉजी (तळपायाचे बिंदू दाबणं), रेकी, क्रिस्टल असं सगळं एकत्र शिकवून ‘सर्टिफाइड होलिस्टिक थेरपिस्ट’ करून देतात. मला या विषयांची टिंगल करायची नाही. चांगल्या हाताच्या मसाजने माणसाला झोप लागते, खांदे सैल होतात, हे मी रोज बघते, आणि माझ्याकडे त्यासाठी येणाऱ्या आयटीतल्या मुलांची संख्या मुलींपेक्षा कमी नाही. पण तेलाची बाटली हातात देण्याआधी एवढं तरी शिकवाल की नाही: ३० मिलिलिटर साध्या तेलात सुगंधी अर्क दोन टक्के म्हणजे साधारण १२ थेंब, चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे, निव्वळ अर्क त्वचेवर कधीच नाही. बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचा किंवा लिंबाच्या सालीचा अर्क लावून गिऱ्हाईक एप्रिलच्या उन्हात स्कूटरवर गेलं तर त्वचा पोळते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल, त्यातून नुकतं ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास झालेला असेल, तर मसाज करायचा नाही, आधी डॉक्टरकडे पाठवायचं, कारण आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळण्याने ती सुटू शकते. मधुमेही माणसाच्या पायांना गरम काही लावताना त्याला चटका कळेलच असं नाही. गरोदर बाई, रक्तदाब, व्हेरिकोज व्हेन्स, हे सगळं विचारून फॉर्मवर लिहून घ्यायचं असतं. यातलं काहीही शनिवार-रविवारमध्ये बसत नाही, नुसतं शरीररचनाशास्त्र म्हटलं तरी महिने लागतात.

आणि ‘शुगर बरी होते, थायरॉइड जातो’ असं शिकवू नका, जाहिरातीत तर लिहूच नका. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा अजून जिवंत आहे, आणि नोंदणी नसताना वैद्यकी करणाऱ्यासाठी महाराष्ट्राचा १९६१ चा कायदाही. खटला झाला तर तो तुमची वाक्यं पाठ केलेल्या मुलीवरही होईल.

वाईट याचं वाटतं की हे पुण्यात चालतं. ताडीवाला रोडवर, जिथे डॉ. दिनशॉ मेहतांचं नेचर क्युअर क्लिनिक होतं आणि गांधीजी येऊन राहत, तिथे बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. आयुर्वेदाची जुनी रुग्णालयं पेठांत आहेत, तिथे अभ्यंग कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे वैद्य ठरवतात, तेल लावणारा नाही. अंगाला हात लावण्याची विद्या गंभीरपणे घेणारी माणसं या गावाने बघितली आहेत. मसाज शिकणाऱ्या मुलीला मात्र घरी तोंड लपवावं लागतं, कारण स्पावरच्या धाडीची बातमी दर काही दिवसांनी येते आणि लोक सगळ्यांना एका माळेत ओवतात. नीट तास, नीट परीक्षा, नीट फॉर्म असेल तर तिला मामाला सांगता येईल की मी काय काम करते.

पैशांचं थोडक्यात. तुमची फी काही हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत असते, ती किती घ्यायची हा तुमचा प्रश्न. पण पुष्कळदा ती भिशी फोडून किंवा आईच्या बांगड्या गहाण ठेवून आलेली असते. नाहीतर तुमच्याच टेबलावर फायनान्स कंपनीचा फॉर्म भरून घेतात, आणि मग कोर्स सुटला तरी हप्ता सुटत नाही. पावती जीएसटी क्रमांकासह द्या. किट फीमध्ये आहे की वेगळं, आणि त्यात कोणत्या वस्तू, तेही लिहा. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणत असाल तर कुठे, किती पगारावर हे लिहा. मला ते पान वाचायला आवडेल, कारण सुरुवातीचा पगार किती देतो ते मी देणाऱ्यांतलीच आहे. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आता मुलींनाही ठाऊक झाला आहे.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. डेक्कनला किंवा औंधला जागेचं भाडं काय आहे ते मी जाणते. चांगली ट्रेनर तयार झाली की स्वतःचा स्टुडिओ काढून निघून जाते. मुलींना पहिल्या दिवसापासून ब्रायडल हवं असतं, पेशी आणि स्नायू म्हटलं की जांभया. पालक विचारतात, ‘लवकरात लवकर किती दिवसांत होईल?’ जी अकॅडमी एक वर्ष म्हणते ती रिकामी आणि जी पंचेचाळीस दिवस म्हणते ती हाउसफुल्ल, हेही खरं आहे. म्हणूनच म्हणते, ते पान सगळ्यांनी द्या. एकट्या प्रामाणिक माणसाने दिलं तर त्याचंच गिऱ्हाईक पळेल. सगळ्यांनी दिलं तर आई निदान दोन पानं शेजारी ठेवून वाचू शकेल: इथे ७८ तास, तिथे ६००, फीचा फरक एवढा. मग तिने पंचेचाळीस दिवसांचाच घेतला तर तो तिचा निर्णय.

आणि मॉडेलचा प्रश्न असेल, ‘प्रॅक्टिकलला माणसं आणायची कुठून’, तर आमच्याकडे या. मंगळवार-बुधवारी दुपारी माझ्या पार्लरला दोन खुर्च्या रिकाम्या असतात, कोथरूड-वारज्यातल्या आणखी काही जणींच्याही असतात. शिकाऊ मुलगी करणार आहे असं आधी सांगून निम्म्या दरात क्लीनअप, वॅक्स, पेडिक्युअर करून घ्यायला कॉलनीतल्या बायका आनंदाने येतील. मी शेजारी उभी राहीन. केलेल्या प्रत्येक कामाची वहीत नोंद करून गिऱ्हाइकाची सही घ्यायची. ती वही पुढे मुलाखतीला आणली तर सर्टिफिकेटाआधी मी ती उघडेन.

या जूनपासून मी आणि माझ्या ओळखीच्या काही पार्लरवाल्या मुलाखतीला येणाऱ्या मुलीकडे ते पान मागणार आहोत. नसेल तर तिला परत पाठवणार नाही, तिचा दोष नाही. पण तुमच्या अकॅडमीला फोन करून मागून घेऊ. तेव्हा फोन उचला.

कळावे,

आपली,
कोथरूडमधील एक पार्लरचालक

ता. क. हे पत्र एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या पालकांच्या हाती पडलं तर: आयटीआयचे प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या वेबसाइटवरून ऑनलाइन होतात, दहावीच्या निकालाच्या सुमारासच अर्ज सुरू होतात, आणि सरकारी संस्थेतली फी खासगी क्लासच्या मानाने नगण्य असते. खासगी अकॅडमीत पैसे भरण्याआधी त्या यादीत कॉस्मेटॉलॉजी बघून घ्या. तारीख चुकली तर पुढचं वर्ष उजाडतं.